बडतर्फीच्या कितीतरी आधी

दारूमुळे नोकरी गेलेल्या कामगाराची फाइल उघडली, तर तिच्यातले कागद साधारण एकाच क्रमाने लागलेले दिसतात. सुरुवातीला सोमवारचे आणि पगारानंतरच्या दिवसांतले खाडे. मग तोंडी समज, लेखी ताकीद, कारणे दाखवा नोटीस, आरोपपत्र, चौकशी आणि सगळ्यात वर बडतर्फीचा आदेश. या फाइलमध्ये एक गोष्ट नसते. त्या माणसाचे पिणे पहिल्या खाड्याच्या आधी कितीतरी वर्षे हळूहळू वाढत गेलेले असते आणि त्या काळाबद्दल तिथे एक ओळही सापडत नाही. तेव्हा त्याला कोणी विचारलेले नसते, कारण तो वेळेवर येत होता आणि काम उरकत होता. बहुतेक कंपन्यांच्या लेखी दारू हा शिस्तीचा प्रश्न आहे. शिस्त मोडेपर्यंत तो प्रश्नच नाही. म्हणूनच कंपनीने पुढे आरोग्य कार्यक्रम काढला तरी तो वरातीमागून घोडे या जातीचा होतो: मोजक्या ‘दारुड्यां’ना हेरायचे, व्यसनमुक्ती केंद्रात पाठवायचे आणि परत आल्यावर पुन्हा पिताना सापडले की हात झटकायचे. उपलब्ध पुरावा याच्या उलट दिशेला बोट दाखवतो. कामाच्या ठिकाणचा कार्यक्रम लवकर सुरू झाला, सगळ्यांसाठी खुला राहिला आणि शिक्षेच्या यंत्रणेपासून वेगळा ठेवला, तरच तो उपयोगी पडतो. या तिन्हींपैकी एक जरी अट गळली, तरी बाकीचा खर्च वाया जातो.

आधी प्रश्नाचा आकार पाहू. केंद्रीय सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेले देशव्यापी सर्वेक्षण २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यानुसार १० ते ७५ या वयोगटातले १४.६ टक्के भारतीय दारू पितात. पुरुषांत हे प्रमाण २७ टक्क्यांच्या वर आहे, स्त्रियांत दोन टक्क्यांच्या आत. दारूमुळे अपाय होत असलेल्या किंवा तिच्यावर पूर्ण अवलंबून असलेल्या लोकांची संख्या सुमारे ५.७ कोटी आहे. याच सर्वेक्षणातला सर्वांत बोलका आकडा मात्र वेगळाच आहे: दारूवर अवलंबून असलेल्या दर ३८ जणांपैकी एकालाच कुठल्या ना कुठल्या प्रकारची मदत मिळालेली आहे. आपल्या अगदी शेजारचे उदाहरण गोव्याचे. तिथल्या कारखान्यांतल्या जवळजवळ एक हजार पुरुष कामगारांची पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांच्यातला साधारण प्रत्येक पाचवा कामगार धोकादायक ठरेल इतके पीत होता. अशा कामगारांत डोक्याला झालेल्या इजा, रुग्णालयात दाखल होण्याचे प्रसंग आणि नैराश्य-चिंतेसारखे मानसिक त्रास इतरांपेक्षा जास्त आढळले. ही सगळी माणसे रोज हजेरी लावणारी, मशीनवर उभी राहणारी होती. त्यांना शोधायला गुत्त्यावर जावे लागले नाही. ती कारखान्याच्या फाटकाच्या आतच भेटली.

पण ‘धोकादायक’ म्हणजे किती? इथे आपल्या समाजाची नेहमीची विभागणी कामाला येत नाही. आपल्याकडे माणसे दोनच प्रकारची मानतात, पिणारी आणि न पिणारी. फार तर तिसरा प्रकार, वाया गेलेली. वैद्यकशास्त्र मात्र ग्रॅममध्ये मोजते. भारतात विकल्या जाणाऱ्या व्हिस्की-रममध्ये साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असते. म्हणजे ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल आणि १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम. आठ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची मोठी बाटली ४० ग्रॅमच्या घरात जाते, म्हणजे ‘बिअर म्हणजे काही दारू नव्हे’ असे म्हणणारा दोन पेग पिऊन उठलेला असतो. प्रौढ माणसाचे यकृत तासाला साधारण सात-आठ ग्रॅम अल्कोहोलचा निचरा करते. कॉफी, लिंबूपाणी किंवा गार पाण्याची आंघोळ यांनी हा वेग वाढत नाही. आता हिशेब मांडून पाहा. रात्री नऊ ते अकरा या वेळात दीड क्वार्टर घेतलेला कामगार सकाळी सातच्या पहिल्या पाळीला येतो, तेव्हा त्याच्या रक्तातली दारू अजून पुरती उतरलेली नसते. मोटार वाहन कायद्याने वाहनचालकासाठी घालून दिलेली १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमची मर्यादाही तो कदाचित ओलांडत असेल. तो कामावर पीत नाही, बोलताना त्याची जीभ अडखळत नाही, सहकाऱ्यांच्या लेखी तो दारुड्या नाही. पण दुचाकीवरून तो कारखान्यात आला आहे आणि आता प्रेस मशीनसमोर उभा राहणार आहे. त्याला स्वतःलाही हा हिशेब कोणी कधी समजावून सांगितलेला नसतो.

याच माणसामुळे सार्वजनिक आरोग्यातला एक प्रसिद्ध विरोधाभास समोर येतो. ब्रिटिश साथरोगतज्ज्ञ जेफ्री रोझ यांनी १९८१ मध्ये दाखवले की, मोठा धोका असलेल्या थोड्या लोकांपेक्षा मध्यम धोका असलेल्या पुष्कळ लोकांतून अनेकदा जास्त आजार निर्माण होतात. पुढे १९८६ मध्ये नॉर्मन क्रीटमन यांनी हाच विचार दारूला लावला. पूर्ण व्यसनाधीन माणसाचा धोका व्यक्ती म्हणून सर्वांत मोठा हे खरेच. पण अशी माणसे थोडी असतात. आठवड्यात दोन-तीनदा जास्त पिणारे त्यांच्या कित्येक पट असतात. त्यामुळे एखाद्या कारखान्यातले उशिरा येणे, बोटे चिरणे, मालात चूक राहणे, भांडणे यांची बेरीज केली, तर तिच्यातला मोठा वाटा या मधल्या फळीचा निघू शकतो. शिस्तीच्या चौकटीला ही फळी दिसतच नाही. तिला फक्त टोकाचा माणूस दिसतो, तोही अगदी शेवटी. म्हणजे कंपनी सर्वांत कठीण रुग्णावर, सर्वांत उशिरा, सर्वांत जास्त पैसा खर्च करते आणि जिथे थोडक्यात काम झाले असते तिथे काहीच करत नाही.

मधल्या फळीला ओळखण्याचे साधन फुकट आणि सोपे आहे. जागतिक आरोग्य संघटनेने सहा देशांतल्या अभ्यासाच्या आधारे दहा प्रश्नांची एक चाचणी १९८९ मध्ये तयार केली. ‘ऑडिट’ या नावाने ती जगभर वापरली जाते. किती वेळा पिता, एका बैठकीत किती, पिण्यामुळे ठरलेले काम राहून गेले का, सकाळी उठल्याबरोबर घ्यावी लागते का, कुणाला इजा झाली का, घरच्यांनी किंवा डॉक्टरांनी चिंता व्यक्त केली का, अशा स्वरूपाचे हे प्रश्न आहेत. उत्तरांना शून्य ते चाळीस गुण मिळतात. आठच्या आत असलेल्याला माहिती पुरते. ८ ते १५ गुणांना साधा, पण नेमका सल्ला द्यायचा. १६ ते १९ गुणांना थोडे समुपदेशन आणि पुढचा पाठपुरावा करायचा. २० किंवा अधिक गुण असतील, तर तज्ज्ञाकडे पाठवायचे. या चाचणीचे खरे मोल तिच्या पायऱ्यांत आहे. ती माणसावर शिक्का मारत नाही. कोणाला किती मदत लागेल ते सांगते. वार्षिक वैद्यकीय तपासणीत रक्तदाब आणि साखर मोजताना हे दहा प्रश्न विचारायला पाच मिनिटेही लागत नाहीत. शिवाय ते सगळ्यांनाच, अगदी व्यवस्थापकांनाही विचारले गेले, तर कोणाला एकटे पाडल्यासारखे वाटत नाही.

प्रश्न विचारल्यानंतरच्या छोट्या संवादाने खरोखर काही फरक पडतो का? २०१८ च्या कॉक्रेन आढाव्यात ६९ अभ्यास आणि ३३ हजारांहून अधिक लोक होते. डॉक्टर किंवा परिचारिकेने केलेल्या अशा संवादानंतर वर्षभराने लोक आठवड्याला सरासरी २० ग्रॅम कमी पीत होते, म्हणजे आपल्या मापात एक पेग. जास्त वेळ दिल्याने फारसा जास्त फायदा झाला नाही, हेही त्यात दिसले. आठवड्याला एक पेग ऐकायला किरकोळ वाटते. पण हजार माणसांच्या कारखान्यात दोनशे जणांनी तेवढे कमी केले, तर वर्षाकाठी दहा हजार पेग कमी होतात. आणि त्यासाठी लागतात फक्त पाच-दहा मिनिटे आणि प्रशिक्षित माणूस. याहून जास्त पिणाऱ्यांसाठी गोव्यातला पुरावा महत्त्वाचा आहे. ‘संगत’ या संस्थेतल्या अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या दहा प्राथमिक आरोग्य केंद्रांत ३७७ पुरुषांवर केलेली चाचणी २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. या सर्वांचे ऑडिटवरचे गुण १२ ते १९ होते. निम्म्यांना नेहमीच्या उपचारांबरोबर फार तर चार बैठकांचे समुपदेशन मिळाले. ते देणाऱ्यांनी मानसिक आरोग्याचे व्यावसायिक शिक्षण घेतलेले नव्हते. स्थानिक लोकांतूनच निवडून त्यांना या कामासाठी तयार केले होते. ग्लास पुढे आला की नाही कसे म्हणायचे, मित्रांच्या आग्रहाला कसे तोंड द्यायचे, पैशाची किंवा घरची अडचण पिण्याकडे कशी ढकलते आणि ती दुसऱ्या वाटेने कशी सोडवायची, हे त्यांनी शिकवले. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के धोक्याच्या पातळीखाली आले, न मिळालेल्यांपैकी २६ टक्के. आधीचे दोन आठवडे थेंबही न घेतलेल्यांचे प्रमाण ४२ टक्के होते, दुसऱ्या गटात १८. वर्षभरानंतर तर धोक्याच्या पातळीखाली असलेल्यांचे प्रमाण ५४ विरुद्ध ३२ टक्के असे होते.

या पुराव्याच्या मर्यादाही सांगायला हव्यात, कारण कंपनीला कार्यक्रम विकणारे त्या सांगत नाहीत. गोव्याची चाचणी आरोग्य केंद्रांत झाली, कारखान्यात नाही. ज्यांनी पिणे चालूच ठेवले, त्यांच्या दिवसाच्या प्रमाणात तीन महिन्यांत फरक पडला नाही. काम करता न आलेल्या दिवसांच्या संख्येतही तेवढ्या अवधीत फरक दिसला नाही. म्हणून ‘समुपदेशक नेमा, पुढच्या तिमाहीत हजेरी सुधारेल’ असे आश्वासन कोणी दिले तर ते खोटे समजावे. हे काम वर्षाच्या मापाने मोजायचे आहे. तरीही त्यातून दोन गोष्टी ठामपणे हाती लागतात. एक, मनोविकारतज्ज्ञ मिळत नाही ही सबब चालणार नाही. योग्य प्रशिक्षण आणि देखरेख असेल तर साधा पदवीधर कल्याण सहायकही हे काम करू शकतो. १९४८ च्या कारखाने कायद्याने ५०० किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यांत कल्याण अधिकारी आणला, तो बहुधा कॅन्टीन आणि गणवेश यांतच अडकला. दोन, कोंकणी-मराठी बोलणाऱ्या, शेतावर आणि कारखान्यात राबणाऱ्या पुरुषांबरोबर चार बैठकांचा मोकळा संवाद शक्य आहे आणि तो त्यांना उपयोगी पडतो. ‘आपली माणसे असले काही बोलत नाहीत’ हा समज या चाचणीने मोडीत काढला.

टोकाच्या माणसाचे मात्र निराळे. ज्याला सकाळी हात थरथरतात म्हणून घ्यावी लागते, त्याला ‘उद्यापासून बंद कर’ असे सांगणे धोक्याचे आहे. शरीर दारूला सरावले असेल तर ती अचानक बंद केल्यावर पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होऊन माणूस बरळू लागतो आणि उपचार न मिळाल्यास जीवही जाऊ शकतो. म्हणून सुपरवायझरच्या दमदाटीने किंवा देवळात घेतलेल्या शपथेने दारू सोडवण्याचा प्रयोग अशा माणसावर करू नये. त्याला डॉक्टरांच्या देखरेखीची गरज असते. त्याच्या बाबतीत नोकरी हे मोठे बळ ठरते, याचा पुरावा अमेरिकेतल्या एका अभ्यासात आहे. जनरल इलेक्ट्रिकच्या कारखान्यातल्या २२७ कामगारांची तीन गटांत विभागणी करून डायना चॅपमन वॉल्श आणि सहकाऱ्यांनी दोन वर्षे पाठपुरावा केला. एका गटाला रुग्णालयात भरती केले, दुसऱ्याला अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या सभांना पाठवले, तिसऱ्याला निवड करू दिली. नोकरी टिकवायची तर मदत घ्यायची, ही अट तिघांनाही होती. १९९१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा कामाच्या बाबतीत तिन्ही गट सुधारलेले होते आणि त्यांच्यात लक्षणीय फरक नव्हता. पिण्याच्या बाबतीत रुग्णालयाचा गट सर्वांत चांगला निघाला. फक्त सभांना पाठवलेल्यांपैकी ६३ टक्क्यांना पुढे भरती करावेच लागले. रुग्णालयाच्या गटात पुन्हा भरतीची वेळ २३ टक्क्यांवर आली. त्यामुळे स्वस्तातला मार्ग शेवटी जेमतेम दहा टक्केच स्वस्त पडला. धडा सरळ आहे: कारखान्याने आजाराच्या तीव्रतेप्रमाणे उपचार निवडावा, बजेटप्रमाणे नाही. पुण्यात १९८६ मध्ये अनिता आणि अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगणसारख्या केंद्रांमुळे महाराष्ट्रात अशा उपचारांची वाट बरीच रुळलेली आहे. उणीव आहे ती केंद्रातून परतलेल्या माणसाला कारखान्यात सांभाळून घेण्याची. जुन्याच टोळक्यात, जुन्याच रात्रपाळीत, ‘आला बघा सुधारून’ या टोमण्यांत तो परततो. पहिल्या वर्षात पाय घसरणे हा या आजाराचा नेहमीचा भाग आहे. तो गृहीत धरून पाठपुराव्याच्या ठरलेल्या तारखा नसतील, तर उपचारांचा खर्च अर्धवट राहतो.

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. कामगार खरे उत्तर देईलच कशाला? ‘आठवड्यात चार वेळा पितो’ असे आज लिहून दिले आणि उद्या तेच चौकशीत पुरावा म्हणून समोर आले तर? ही भीती निराधार नाही. अनेक कंपन्यांच्या नियमांत नशेत कामावर येणे हे गैरवर्तन आहे. १९२३ च्या भरपाई कायद्यापासून चालत आलेल्या तरतुदीनुसार, अपघाताच्या वेळी कामगार नशेत होता आणि त्यामुळेच इजा झाली असे ठरले, तर मृत्यू किंवा कायमचे संपूर्ण अपंगत्व सोडून इतर इजांची भरपाई मालक नाकारू शकतो. अशा वातावरणात कागदी आश्वासन पुरत नाही. भिंतच बांधावी लागते. समुपदेशकाची नोंद मनुष्यबळ विभागाकडे जाणार नाही. व्यवस्थापनाला फक्त एकूण आकडे मिळतील. स्वतःहून पुढे येणाऱ्यावर त्याने सांगितलेल्या गोष्टीवरून कारवाई होणार नाही. हे कामगार संघटनेबरोबरच्या करारात लिहिलेले हवे. सुपरवायझरने निदान करायचे नाही, वास घेत फिरायचे नाही. त्याने फक्त कामातले बदल टिपायचे आणि समुपदेशकाची वाट दाखवायची. पगार पुरत नाही म्हणून वारंवार मागितलेली उचल, पतपेढीचे वाढते कर्ज, सोमवारचे खाडे या गोष्टी त्याला एरवीही दिसतच असतात. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची १९९६ ची आचारसंहिता हेच सांगते की, दारूचा प्रश्न इतर आरोग्यप्रश्नांसारखा हाताळावा आणि गुप्तता पाळावी. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने दारूशी निगडित मानसिक अवस्थांचा समावेश मानसिक आजाराच्या व्याख्येत केला, रुग्णाच्या माहितीच्या गोपनीयतेचा हक्क मान्य केला आणि आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजाराच्या बरोबरीने धरण्याची तरतूद केली. गुप्तता ही आता कंपनीची मेहेरबानी राहिलेली नाही.

दुसरा आक्षेप याच्या नेमका उलट दिशेने येतो. गुप्ततेच्या नावाखाली झिंगलेल्या क्रेनचालकाला पाठीशी घालायचे का? अजिबात नाही. जिथे चूक झाली तर दुसऱ्याचा जीव जातो, तिथे कामावर येण्यापूर्वी श्वास तपासणी हवीच. रेल्वेचे इंजिनचालक आणि विमानाचे वैमानिक यांना ती लागू आहे. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांत पहिल्या वेळी तीन महिने, दुसऱ्या वेळी तीन वर्षे परवाना निलंबित होतो आणि तिसऱ्यांदा तो रद्द होतो. पण तपासणी आजची नशा पकडते, उद्याचे पिणे कमी करत नाही. अमेरिकेत १९७० च्या दशकात वैमानिकांसाठी उभ्या राहिलेल्या कार्यक्रमाने दोन्ही गोष्टी जोडल्या. सहकारी वैमानिक ओळखून पुढे आणतात, उपचार होतात, दीर्घकाळ देखरेख राहते आणि सर्व अटी पूर्ण झाल्यावर माणूस पुन्हा विमान उडवतो. असे हजारो वैमानिक परतले आहेत. लपवले तर करिअर संपते आणि सांगितले तर परतीची वाट आहे, हे एकदा कळले की सहकारीही दडपून ठेवत नाहीत. सुरक्षिततेचा नियम कडक आणि मदतीचे दार उघडे, या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येत नाहीत. एकीमुळेच दुसरीला जोर येतो.

तिसरा आक्षेप आकडेवारी जाणणाऱ्यांचा आहे: असले ‘वेलनेस’ कार्यक्रम मुळात चालतात तरी का? सर्वसाधारण कार्यक्रमांबद्दल उत्तर निराशाजनक आहे. अमेरिकेतल्या बीजेज होलसेल क्लब या साखळी दुकानांच्या १६० ठिकाणच्या सुमारे ३३ हजार कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दीड वर्षाने रक्तदाब, वजन, वैद्यकीय खर्च, गैरहजेरी, कामगिरी यांपैकी कशातही लक्षणीय फरक आढळला नाही. व्याख्यान, पोस्टर, चालण्याची स्पर्धा, मोबाइल अ‍ॅप यांची खिचडी करून सगळ्यांना वाढली, की सगळ्यांचेच पोट रिकामे राहते. नशाबंदी सप्ताहात शपथ घ्यायची आणि त्याच महिन्यात विक्री विभागाच्या पार्टीत कंपनीच्या खर्चाने बार उघडायचा, हाही त्यातलाच प्रकार. वर सांगितलेला कार्यक्रम यापेक्षा वेगळा आहे, कारण तो एकाच वर्तनावर नेम धरतो, प्रत्येकाला त्याच्या पायरीप्रमाणे मदत देतो आणि त्याच्या मुळाशी चाचणीत उतरलेली पद्धत आहे. अपयशी कार्यक्रमांच्या दाखल्यावरून ‘काहीच करू नये’ असा निष्कर्ष निघत नाही. ‘मोघम काही करू नये’ असा निघतो.

चौथा आक्षेप खासगीपणाचा. माणूस फाटकाबाहेर काय पितो याच्याशी मालकाला काय करायचे? तत्त्वतः हे बरोबर आहे आणि म्हणूनच सहभाग ऐच्छिक हवा. पण हा आक्षेप घेताना काम आणि पिणे यांचे नाते एकाच बाजूचे धरले जाते. कामाच्या ठिकाणामुळेही पिणे वाढते. १४ देशांतल्या तीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीचे विश्लेषण २०१५ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आले. आठवड्याला ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत ४९ किंवा अधिक तास राबणाऱ्यांत पुढे धोकादायक पिणे सुरू होण्याची शक्यता सुमारे १२-१३ टक्क्यांनी अधिक होती. जेनेव्हिव्ह एम्स यांच्या चमूने अमेरिकेतल्या दोन मोटार कारखान्यांची तुलना केली. एकाचे व्यवस्थापन जुन्या अमेरिकी पद्धतीचे, दुसऱ्याचे जपानी वळणाचे. कामगारांची संघटना एकच. पण कामाच्या वेळात पिणे पहिल्या कारखान्यात बरेच जास्त होते, कारण तिथे ते चालवून घेतले जात होते. म्हणजे प्रश्न माणसाच्या मनोबलाइतकाच कारखान्याच्या रिवाजाचाही असतो. सलग ओव्हरटाइम, पाळ्यांची उलटापालट, डिलिव्हरीचे टार्गेट, ऑफिसच्या पार्टीत हातात ग्लास नसणाऱ्याची उडवलेली टर, गटारीला आणि थर्टी फर्स्टला वरिष्ठांनीच केलेला आग्रह, हे सगळे मालकाच्या अखत्यारीत येते. यातले काही न बदलता फक्त कामगाराला समुपदेशनाला पाठवायचे, म्हणजे आजार रेड्याला आणि औषध पखालीला.

शेवटचा आक्षेप कामगारांमधूनच येतो. पिणाऱ्याला रजा, उपचार, सहानुभूती. आणि जो कधी चाखतही नाही त्याला काय? या तक्रारीत न्यायाची भावना आहे, पण हिशेब अपुरा आहे. पिणाऱ्याच्या खाड्याचा भार शेजारचाच सहकारी उचलतो, त्याच्या चुकीने जखमी होण्याचा धोकाही त्यालाच असतो. आणि मधुमेहाच्या गोळ्या खाणाऱ्याबद्दल आपण असा प्रश्न विचारत नाही. खरा अन्याय दुसरीकडे आहे. आजच्या एमआयडीसींतल्या अनेक कारखान्यांत बरेचसे काम कंत्राटी कामगार करतात आणि आरोग्य कार्यक्रम मात्र कायम कामगारांपुरता असतो. कंत्राटी कामगाराच्या बाबतीत चौकशीही होत नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा माणूस उभा असतो. पिण्याचा धोका जिथे कदाचित जास्त आणि नोकरीचा आधार जिथे सर्वांत कच्चा, तिथेच कार्यक्रम पोहोचत नाही. कंत्राटदाराच्या निविदेतच ही सेवा सर्वांना मिळेल अशी अट घालणे मुख्य मालकाला सहज शक्य आहे.

व्यवस्थापनाने आणि संघटनेने पुढच्या वेतनकरारात बोनस आणि कॅन्टीनच्या बरोबरीने चार कलमे घालावीत: वार्षिक तपासणीत सर्वांना ऑडिटचे दहा प्रश्न, प्रशिक्षित समुपदेशक, नोंदींची गुप्तता आणि उपचारांनंतर वर्षभराचा पाठपुरावा. ज्यांच्या कारखान्यात किंवा ऑफिसात यातले काहीच नाही, त्यांच्यासाठी केंद्र सरकारची १४४४६ ही व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलिमानस सेवा फोनवर उपलब्ध आहे; कंपनीची वाट न पाहता माणूस स्वतः किंवा त्याच्या घरचे तिथे बोलू शकतात. पण ही जबाबदारी कंपन्यांनी हेल्पलाइनवर ढकलू नये. कामगार आयुष्याची तीस-पस्तीस वर्षे त्यांच्या हजेरीपटावर असतो. एवढ्या काळात त्याला पहिला प्रश्न आरोपपत्रातच विचारला जात असेल, तर दोष एकट्या त्याचा धरता येणार नाही.